वेचणीचे दिवस आणि लेकराची हगवण: तुमचे प्रश्न

दिवाळी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. पावसाळ्यात साप, विंचू, हिवताप, आणि एकदा का कापूस फुटला की उलटी-संडास, तेही वर्षाच्या आतबाहेरच्या लेकरांची. यंदा निम्मे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोटनंच आले, मागं कोंबडे ओरडून राह्यले, मधेच कुकरची शिट्टी, पण ऐकून ऐकून उतरवून घेतले. नावं छापत नाही, बोली शक्यतो तुमचीच ठेवली आहे.

प्रश्न: बाई, माह्या पोराले अकरा महिने झाले. परवाच्या रात्री अचानक उलट्या सुरू झाल्या, सकाळी अंग तापलं, मंग दुपारपासून नुसती पाण्यासारखी संडास, दिवसभरात दहा-बारा वेळा. सासूबाई म्हनते दात येऊन राह्यले, नंदेनं नजर उतरवली. गावात येते त्या डॉक्टरनं दोन इंजेक्शनं आन एक ॲंटिबायोटिकचं औषध देल्लं, फरक नाई. आमच्या घरी तर आरओचं पानी आहे, मंग हे झालं काहून? (एक आई, दारव्हा तालुका)

ताई, तुम्ही जो क्रम सांगितला ना, आधी उलटी, मग ताप, मग पातळ पाणी, हा रोटाव्हायरसचा नेहमीचा क्रम आहे. नुसत्या व्हॉइस नोटवरून तोच आहे असं छातीठोक म्हणता येत नाही, संडास तपासली तर कळतं, पण तपासून उपचार काही बदलत नाही म्हणून आम्ही सहसा तपासायला सांगतच नाही.

हा आहे एक विषाणू. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हगवण लागलेल्या लेकरांच्या आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले तेव्हा हा सापडला. दिसतो चाकासारखा, आऱ्या असलेला, लॅटिनमध्ये चाकाला रोटा म्हणतात म्हणून हे नाव. आपल्या लहान आतड्याला आतून लव असते, टर्किश टॉवेलला असते तशी, तीच पाणी आणि अन्न शोषून घेते. हा विषाणू त्या लवेचे शेंडेच खुडतो. आता शेंडे खुडल्यावर पाणी शोषणार कोण, ते येतं तसं खाली निघून जातं. तीन ते आठ दिवसात नवी लव येते आणि आजार आपोआप ओसरतो, औषधानं नाही. ॲंटिबायोटिक जंतूंना मारतं, विषाणूला ते शिवत पण नाही, उलट कधीकधी त्यानंच संडास वाढते. त्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळं व्हायला मला आवडत नाही, कारण सुई टोचली नाही तर आपल्याकडे लोक म्हणतात काहीच केलं नाही, पैसे पाण्यात गेले.

दातांचं म्हणाल तर दात येतात सहाव्या महिन्यानंतर, रोटाव्हायरस जोरात गाठतो तोही सहा महिने ते दोन वर्षं या वयात. आईकडून आलेली ताकद तोवर संपत आलेली असते, लेकरू रांगायला लागतं, जे दिसेल ते तोंडात. दोघं एकाच वेळी वाड्यात शिरतात आणि पकडला जातो दात. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, लेकरू चिडचिड करतं, पण दहा-बारा वेळा पाणी होत नाही.

आणि आरओ. पाणी स्वच्छ हवंच, पण हा आजार नुसत्या पाण्यातून येत नाही. आजारी लेकराच्या एक ग्रॅम शीमध्ये हजार कोटीच्या वर विषाणू असू शकतात, आणि दुसऱ्या लेकराला आजारी पाडायला शंभरपेक्षा कमी पुरतात. लंगोट बदललेला हात, त्याच हातानं उचललेला खुळखुळा, पाळण्याची दोरी, दाराची कडी. अशा वस्तूंवर तो कित्येक दिवस टिकून राहतो. लस नव्हती तेव्हा जगातलं जवळपास प्रत्येक लेकरू पाच वर्षांचं होईपर्यंत एकदा तरी याच्या तावडीत सापडायचं, अमेरिकेतलं असो की अमरावतीतलं. तेव्हा तुमचं घर घाण म्हणून झालं असं मनात आणू नका. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा, पण भांडायला म्हणून नको.

प्रश्न: डाक्टरीण बाई, सून वेचणीले जाते, नातीले मीच पाहतो, वय नऊ महिने. मांगच्या हप्त्यात तिले हगवण लागली, आशाताईनं ओआरएसच्या पुड्या देल्ल्या. पन वाटीभर पाजलं का भडाभडा उलटी. आन दुसरं म्हंजे आमचं गाव खारपानपट्ट्यातलं, बोरचं पानी तोंडात धरवत नाई, त्यात हे मीठ अजून घालाव का? (एक आजी, दर्यापूर भाग)

आजी, तुमचा दुसरा प्रश्न मला लय आवडला, शहरातल्या पुस्तकात हा सापडायचा नाही. ओआरएसमध्ये मीठ आणि साखर मोजून घातलेली असते, एका लिटरला २०.५ ग्रॅम पावडर. ते माप गोड्या पाण्याच्या हिशोबानं आहे. खाऱ्या बोरच्या पाण्यात मिसळलं की मीठ जास्त होतं आणि जास्त मीठ लेकराला बाधतं. म्हणून तुम्ही प्यायला जे पाणी वापरता, नळ योजनेचं किंवा कॅनचं, त्यातच करा. आणि उकळायचं असेल तर आधी उकळून थंड करा, पावडर नंतर. पावडर टाकून उकळू नका. खारं पाणी उकळल्यानं गोडं होत नाही हे तुम्हाला मी काय सांगू.

पुडी कोणती आहे ते बघा. सरकारी मोठी पुडी एक लिटरची असते, मेडिकलमध्ये लहान मिळते ती एका ग्लासाची, म्हणजे २०० मिलीची. मोठी पुडी असेल तर पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घासून घ्या, ती भरून पातेल्यात ओता आणि अख्खी पुडी एकदम टाका. मी स्वतः पाहिलंय, लोक पुडीतून चमचाभर काढतात, वाटीभर पाण्यात कालवतात आणि उरलेली पुडी रबर लावून डब्यात ठेवतात, वाया जाऊ नये म्हणून. मग कधी ते आसवासारखं खारट होतं, कधी नुसतं पाणी. झाकून ठेवा, चोवीस तासानं उरलेलं फेकून द्या. लेकरू लिटरभर पिणार नाही हे मलाही माहीत आहे, पुडी फुकट आहे, फेका बिनधास्त. त्यात वरून साखर, मीठ, लिंबू, दूध काही नाही.

आता उलटी. वाटीभर एकदम पाजू नका हो. मी डॉक्टर होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा माझ्या पोराला हेच झालं, तेव्हा रोटाची लस सरकारी दवाखान्यात नव्हती. ग्लासभर पाजलं, माझ्याच अंगावर उलटी. पुन्हा पाजलं, पुन्हा तेच, रात्रीचे दोन वाजलेले, मी रडकुंडीला आले. माझी आई उठली, चहाचा चमचा घेतला, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसली आणि मिनिटाला एक चमचा, मिनिटाला एक चमचा, काटा फिरला की चमचा, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून हळूच आत. मधे एकदा उलटी झाली तर म्हणाली, थांब आता दहा मिनिटं, आणि खरंच दहा मिनिटं काही दिलं नाही. मग पुन्हा चमचा. उजाडेपर्यंत तिनं पाऊण ग्लास जिरवला होता. तिला ग्लुकोज आणि सोडियम आतड्यात हातात हात घालून जातात हे माहीत नव्हतं, मला होतं, आणि चमचा तिच्याच हातात होता.

शेंडे खुडलेल्या त्या आतड्यातही साखर आणि मीठ योग्य मापात असले की दोघं मिळून आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात, ओआरएस काम करतं ते असं. म्हणूनच नुसतं साखरेचं पाणी, कोल्ड्रिंक, चहा किंवा डब्यातली ग्लुकोज पावडर देऊन भागत नाही, जास्तीची साखर उलट पाणी बाहेर खेचते. मेडिकलमध्ये नाव ओआरएससारखं आणि आत फळाचं गोड सरबत असे खोके मिळायचे, २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी दुकानात जुना माल असू शकतो, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते नातवाकडून वाचून घ्या.

किती द्यायचं? दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे अर्धी ते एक लहान वाटी, पण चमच्यानं. सून घरी असेल तेव्हा अंगावरचं दूध मागेल तेव्हा द्यायचं, ते बंद करायचं नाही. ती वेचणीला जाताना चरवीत दूध काढून ठेवू शकते हे मी लिहिते खरं, पण पहाटे चारला उठून चार भाकरी थापून जाणाऱ्या बाईला हे सांगताना माझीच जीभ अडखळते. निदान हगवणीचे दोन-तीन दिवस तिची मजुरी बुडाली तरी चालेल असं घरातल्या माणसांनी म्हणावं. भाताची पेज, मुगाचं पातळ वरण, केळं, ताजं दही, जे आधीपासून खाते ते थोडं थोडं द्या. उपाशी ठेवू नका.

प्रश्न: मी स्वतः पोरीले तिन्ही वेळा थेंब पाजून आणले, कार्डावर शिक्का आहे. तरीपन तिले दहाव्या महिन्यात हगवण लागलीच. मंग लस द्यायची कायले? (एक वडील, नेर परसोपंत)

आधी तर, तुम्ही स्वतः घेऊन गेलात हे वाचून बरं वाटलं, आमच्या लसीकरणाच्या दिवशी बाप दिसतो तो बाहेर गाडीवर बसलेला.

दोन गोष्टी आहेत. एक, हगवण करणारे विषाणू, जंतू बरेच आहेत, रोटाची लस फक्त रोटावर चालते. दुसरी, रोटावर पण ती चिलखत नाही, हेल्मेट आहे. हेल्मेट घातल्यावर गाडी पडत नाही असं थोडंच आहे. आपल्या देशी लसीची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथं ६,७९९ बाळांवर झाली, त्यात पहिल्या वर्षात रोटाच्या गंभीर हगवणीपासून साधारण ५६ टक्के संरक्षण मिळालं. कागदावर हा आकडा कमी दिसतो, मलाही आधी वाटला होता. पण हे गणित असं करा, लस येण्याआधी आपल्या देशात दरवर्षी या एका विषाणूनं ७८,००० च्या आसपास लेकरं जायची असा अंदाज होता, आणि हगवणीनं दवाखान्यात भरती झालेल्या पाच वर्षांखालच्या दहा लेकरांमागे चार रोटाची. त्यातली निम्मी जरी घरच्या घरी बरी झाली तर किती झाली? तुमच्या पोरीला सलाईन लावावं लागलं नाही, असं तुम्ही पुढं लिहिलंय. कदाचित तेच त्या थेंबांचं काम.

या लसीची गोष्ट पण मजेची आहे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत रोटाव्हायरस सापडला आणि गंमत म्हणजे त्या बाळांना हगवण नव्हतीच. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सोबतच्यांनी तो विषाणू जपून ठेवला, ११६ ई असं त्याचं नाव, आणि त्याच्यावर जवळपास तीस वर्षं काम होऊन रोटाव्हॅक ही लस आली. दुसरी, रोटासिल, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. रोटाची लस २०१६ मध्ये सरकारी कार्यक्रमात आधी आंध्र, हरियाणा, हिमाचल आणि ओडिशात सुरू झाली, आपल्या महाराष्ट्रात २०१९ मध्ये. म्हणजे तुमच्या मोठ्या भावाच्या लेकरांना मिळाली नसेल, तुमच्या पोरीला मिळाली.

प्रश्न: डिलिवरी माहेरी झाली, मंग आमी इटभट्टीवर गेलो, मुलाचा एकबी डोस झाला नाही. आता वापस आलो, तो चौदा महिन्याचा आहे. रोटाची लस भेटन का? प्रायव्हेटमध्ये देतात का? (धारणीजवळून)

नाही ताई, रोटाचा पहिला डोस वर्षाच्या आतच सुरू करावा लागतो, त्यानंतर सुरू करत नाहीत, प्रायव्हेटमध्येही नाही, तिथं तर वयाची अट अजून कडक असते. पहिला डोस वर्षाच्या आत झाला असता तर उरलेले नंतर पूर्ण करता आले असते. पण बाकीच्या लसी राहिल्यात त्या देता येतात, गोवर-रुबेलाची तर लगेच घ्या, उपकेंद्रातल्या सिस्टरला कार्ड दाखवा. कार्ड हरवलं असेल तरी जा. आणि पुढचं लेकरू होईल तेव्हा लक्षात ठेवा, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, पोलिओच्या थेंबांसोबतच हे पण तोंडातून देतात, टोचत नाहीत, पैसे लागत नाहीत. भट्टीवर असाल तर तिथल्या जवळच्या उपकेंद्रात पण देतात, माहेर-सासरचं कार्ड चालतं.

प्रश्न: अंगणवाडीत एका मुलाला लागली की चार दिवसांत सहा-सात जणांना लागते. पालक आम्हालाच बोल लावतात. नेमकं काय करावं? (अंगणवाडी सेविका, आर्णी तालुका)

तुमच्यावर पोषण आहार, वजन, रजिस्टर, ॲप, सर्वे सगळंच लादलेलं आहे, त्यात हे अजून एक, मला कल्पना आहे.

साबण. बाकी सगळ्याच्या आधी साबण. सॅनिटायझर पेक्षा साबण आणि वाहतं पाणी चांगलं. लेकराला धुतल्यावर, आणि खिचडी वाढण्याआधी, या दोन वेळा चुकल्या नाहीत तरी खूप झालं. ज्याला जुलाब आहेत त्याला बंद होईपर्यंत घरी ठेवायला सांगा, पण त्याचा आहार घरी पोचवा, नाहीतर आई पाठवतेच. खेळणी, सतरंजी, उंबरठा ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं पुसा, नुसत्या पाण्यानं विषाणू जात नाही.

आणि एक गोष्ट पालकांच्या बैठकीत बोला, मोठ्यानं बोला. गाव गोदरीमुक्त झालं, पाटी लागली, घरोघरी संडास आला, पण लहान लेकराची शी अजून अंगणाच्या कडेला, नाहीतर उकिरड्यावर. लहानाची आहे, तिला काय होतं, असं म्हणतात. अहो, सगळ्यात जास्त विषाणू तिच्यातच असतात. कोंबडी तीच उकरते, तीच ओसरीवर येते, आणि ओसरीवर दुसरं लेकरू रांगत असतं. शी संडासात टाकायची, डायपर असेल तर गुंडाळून पुरायचं, लंगोट साबणानं धुऊन कडक उन्हात. आपल्याकडे उन्हाला काय तोटा.

प्रश्न: लेकरू सुकलं हे कसं वळखाव? आमच्याकडे टाळू बसली का तेल भरते, पोट फुगलं का पोटावर चटके देते. मी नाई देऊ देल्ले, घरात कडाक्याचं भांडन झालं. (एक आई, मेळघाट)

तुम्ही बरोबर केलं. चटक्यानं पोट उतरत नाही, जखम मात्र होते आणि तिच्यातून जंतू अंगात शिरतात.

टाळू खोल जाते हे मात्र म्हाताऱ्यांनी अचूक पाहिलंय. ती बसते कारण अंगातलं पाणी गेलेलं असतं. वरून तेल भरून ती वर येत नाही, आतून पाणी गेलं की येते. हे सासूला असं सांगून पाहा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे फक्त उपाय चमच्यात आहे, बघा ऐकतात का.

ओळखायचं कसं तर, डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत, जीभ कोरडी, सहा-सात तासात लघवी नाही. पाण्यासारखी संडास असली की डायपरमध्ये लघवी कोणती आणि संडास कोणती कळत नाही, म्हणून असे दिवस डायपर काढून सुती लंगोट बांधा. मग पोटाची कातडी, बेंबीच्या बाजूला, दोन बोटांनी चिमटीत धरून सोडा. चांगल्या लेकराची झटकन सपाट होते. सुकलेल्याची हळू जाते, घडी पडल्यासारखी राहते. ती जर दोन सेकंदाच्या वर राहिली, किंवा लेकरू मान टाकून पडलंय, हाक मारली तर डोळे उघडत नाही, काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळंच बाहेर, तर सकाळची वाट पाहू नका, एसटीची पण नाही, १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत, गाडीतही, पीत असेल तर चमचा चालू ठेवा. मेळघाटात गाडीला वेळ लागतो म्हणून हे मुद्दाम लिहिते. संडासमध्ये रक्त दिसलं, उलटी हिरवी झाली, किंवा लेकरू थांबून थांबून किंचाळतं आणि पाय पोटाशी ओढतं, तर तो मामला वेगळा असू शकतो, आतडं आतड्यात अडकणं पण असू शकतं, तेव्हा घरी ओआरएस पाजत बसायचं नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर कोणतंच लक्षण बघत न बसता दवाखाना.

मोठ्या माणसांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून, चुरून देतात काही जण. देऊ नका. संडास बाहेर दिसायची बंद होते, आत साचते, पोट फुगतं आणि मग पुन्हा तेच चटके.

प्रश्न: आशाताईनं झिंकच्या चौदा गोळ्या देल्ल्या. पोराची संडास तिसऱ्याच दिवशी बंद झाली. अकरा गोळ्या उरल्या, ठेवून देऊ का दुसऱ्या वेळेस? (व्हॉइस नोट, गाव सांगितलं नाही)

ठेवू नका, द्या. रोज एक, अकराही संपेपर्यंत, चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून. पोरगं सहा महिन्यांच्या आतलं असेल तर अर्धीच. तोंड वाकडं करेल, चव थोडी तुरट लागते.